चुकलेला मजला

माझ्या विनोदांबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती, कारण ते घरातल्या कुणीच ऐकलेले नव्हते.

शहाडपासून ठाण्यापर्यंत मी मिळेल तिथे स्टँडअप करायचे. त्या रविवारी दुपारी कोलशेतच्या एका कॅफेत शो होता, आणि मालिकांसाठी कलाकार निवडणाऱ्या एक मॅडम मला बघायला येणार होत्या. घरी बजावून ठेवलेलं, कुणी यायचं नाही. (माझे निम्मे विनोद घरच्यांवर असतात. उरलेले निम्मे चालत नाहीत.)

स्टेजवर चढले, तर पहिल्याच रांगेत बाबा! मांडीवर डबा. आईने थालीपीठं पाठवलेली.

पाठ केलेलं तेवढंच येत होतं, म्हणून तेच सुरू केलं. "माझे बाबा आम्हाला डोंबिवलीत एका लग्नाला घेऊन गेले. पोटभर जेवल्यावर कळलं, लग्न भलत्याच लोकांचं आहे."

"हॉल बरोबर होता," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले. "मजला चुकला."

लोक हसले. मी घाईने पुढे गेले. "बाबांनी त्या अनोळखी नवरीला आशीर्वादही दिला."

"दिला. पण पाठवणीला गळ्यात पडून रडलं कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बाबा, प्लीज."

"अगं, नवऱ्यामुलाची आई मला विचारत होती, ही नवरीची सख्खी बहीण का म्हणून. मी काय सांगणार? हो म्हटलं."

लोक टेबलं बडवायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, माइक घ्या!" बाबांनी डबा माझ्या हातात दिला आणि माइक घेतला. खऱ्या लग्नात वरच्या मजल्यावर जाऊन ते परत कसे जेवले, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की माझी वेळ कधी संपली ते मलाही कळलं नाही. (मीही हसत होते. काय करणार, माणूस स्टेजवर चांगला होता.)

शो संपल्यावर त्या मॅडम थेट आमच्याकडे आल्या. मी केस सावरले.

"काका, सासऱ्याचा रोल आहे. कराल?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "हिला विचारा, हिचं क्षेत्र आहे."

मी हो म्हटलं. रडलेही असते, पण त्याबद्दल नुकतीच बदनामी झालेली.

आता शूटिंगला मी बाबांना स्कूटरवरून सोडते. परवा सेटवर कुणीतरी विचारलं, "या कोण?"

बाबा कौतुकाने म्हणाले, "माझी मुलगी. हिलाही थोडी आवड आहे."