खालांचा ज्वालामुखी

नांदेडला गोदावरी वाहते हे खरं, पण आमच्या समोरच्या खालांपुढे ती अगदीच बैठी म्हणायला हवी. नदी निदान उन्हाळ्यात तरी थबकते. खाला बारा महिने वाहतात. चहा उभ्याने पितात, पेपर जिन्यात वाचतात, आणि आमच्याकडे आल्या की खुर्चीच्या इतक्या कडेला टेकतात की खुर्चीलाच अवघडल्यासारखं होत असेल. "बसा ना खाला," म्हटलं की "हौ, बसते की, जरा एक काम करून येते," म्हणून निघतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन कालचंच वाक्य पुढे चालू करतात. उदगीरच्या शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला, तोही वर्गात येरझारा घालत. पृथ्वी फिरते हे त्यांच्या पोरांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

या बाईंनी जन्मभर फळ्यावर ज्वालामुखी काढला. पोटात लाल खडू, तोंडाशी पिवळा, वर डस्टरने पसरवलेला धूर. पाहिला मात्र एकही नाही. त्यांचे यजमान रेल्वेच्या विभागीय कार्यालयात होते. सगळ्या देशाच्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ. पण "पुढच्या साली जाऊ" म्हणता म्हणता ते एकटेच गेले, अशा ठिकाणी की जिथून कुणी परतत नाही. तेव्हापासून खालांच्या या वाहण्याला एक दिशा मिळाली. रस्त्यात बांधकामासाठी टाकलेला काळा दगड दिसला की त्या मला हाताला धरून थांबवायच्या. "ह्यो बघ. आपला समदा मराठवाडा म्हंजे थंड पडलेला लाव्हा हाय. मला त्यो गरम असताना बघायचाय गं."

बेट ठरलं इंडोनेशियातलं लोंबोक. "ज्वालामुखी हाय, समुद्र हाय, गल्लोगल्ली मशीद हाय. खाण्यापिण्याची चिंता न्हाई. आठ दिवसाला आणखी काय पायजे?" आणि जायचं एकटीनंच. आमच्या ह्यांनी एखाद्या यात्रा कंपनीचं सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, "लई सहली काढल्या मी. निम्मा येळ पोरं मोजण्यात जातो. आता मला कुणाची हजेरी घ्यायची न्हाई."

खाण्याची चिंता नाही म्हणणाऱ्या खालांनी मग खाण्याची जी चौकशी केली, ती पाहून एखाद्या फौजदाराने नोकरी सोडली असती. ज्या घरात उतरायचं होतं त्या घरच्या बाईला त्यांनी आमच्या गॅलरीतून, रेंज चांगली येते म्हणून, व्हिडिओ कॉल लावला. ती तिच्या भाषेत, या आपल्या दख्खनीत. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं, पण 'हलाल' म्हटलं की दोघी जोरजोरात माना हलवायच्या. शेवटी त्या बिचारीने एकेक भांड्याचं झाकण उघडून दाखवलं. "मुर्गी कोन काटता?" असं खालांनी मानेवरून हात फिरवत विचारलं, तेव्हा तिने नवऱ्याला हाक मारून पडद्यासमोर उभं केलं. खालांनी त्याला खालून वर न्याहाळला आणि पास केला. आमच्या घरातली बिस्किटंही त्या काळात सुरक्षित नव्हती; पुडा दिसला की पालथा करून मागचं बारीक अक्षर वाचायच्या. मग शाळेतलं होकायंत्र काढून नमाजाची दिशा पाहिली. "तिथं इथल्यापेक्षा जरासं उजवीकडं वळावं लागतंय," म्हणाल्या, आणि आमच्या दिवाणखान्यात त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. समोर आमचा फ्रिज होता. त्यांना तो दिसत नव्हता.

एकटं राहायची सवय असावी म्हणून रंगीत तालीम ठरली, ती अहमदपूरला! लोंबोकची तालीम अहमदपूरला करणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. एक बॅग घेऊन त्या लाल डब्यात बसल्या. तिथल्या लॉजवर दोन दिवस कुणाशी न बोलता काढायचे होते. स्टँडवर उतरताच चहावाला पाया पडला. तो त्यांचा विद्यार्थी. लॉजच्या मॅनेजरची बायको विद्यार्थिनी. संध्याकाळपर्यंत त्या कुणाच्या तरी घरी जेवायला होत्या आणि परतल्या तेव्हा बॅगेसोबत शेंगाची चटणी, धपाटे आणि एका मुलीसाठी आलेल्या दोन स्थळांची माहिती होती. "जमंना गं एकटं राहायला," असं म्हणून त्या प्रथमच खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या. मला जरा भीतीच वाटली.

कारण ही अखेरची संधी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुण्यातल्या मुलाने आईसाठी खोली तयार ठेवली होती. या सहलीवरून येताना मुंबईहून परस्पर पुण्याला न्यायचं, नांदेडचं घर सावकाश आवरायचं, असं त्याचं ठरलेलं. पोरगा वाईट नाही, काळजी करतो. आत्ता गेलं नाही, तर पुण्यातून तो एकटीला सोडणार नव्हता. आणि गेलं, तर परत यायचं ते समोरच्या दाराला नव्हे. हे दोन्ही मला कळत होतं, आणि मला दोन्ही नको होतं.

आमच्या गल्लीत कुणीही कुठंही निघालं की खाला त्याच्या उजव्या दंडावर इमामजामीन बांधतात. हिरव्या कापडात गुंडाळलेला एक रुपया. माणूस सुखरूप पोचला की तो रुपया गरजूला द्यायचा. देगलूरला निघालेला माणूसही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. आमची लेक क्लाससाठी लातूरला निघाली तेव्हा मी आदल्या दिवसापासून डोळे पुसत होते. खालांनी तिच्या दंडाला गाठ मारली आणि मला दटावलं, "लातूरला चाललीय गं, लंकेला न्हाई."

निघायच्या दिवशी ऑटो दारात आला. बॅग चढली, होकायंत्र पर्समध्ये, कुलूप दोनदा ओढून पाहून झालं. आणि खाला उभ्याच. इतक्या स्थिर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डावा हात उजव्या दंडावर फिरत होता. भांड्यांच्या झाकणांपर्यंत सगळं आठवलेल्या बाईला आपल्याला कोण बांधणार हेच आठवलं नव्हतं. मी घरात पळाले. कपाटातला हिरवा खण टर्रकन फाडला, देवापुढचा रुपया उचलला आणि त्यांच्या दंडाला बांधला. गाठ नीट बसेना, सोडून पुन्हा मारली.

"अगं येडे," त्या म्हणाल्या, "आपला रुपया तिथं कुणाला देऊ? कोण घेईल?"

"मग देऊ नका. परत आणा, इथं द्या."

त्यांनी गाठ बाहीखाली सारली. आणि ऑटोत नीट मागे टेकून बसल्या.

परवा त्यांचा निरोप आला, आवाजातला. मागे समुद्र घोंघावत होता. "डोंगर दिसला गं. धूर न्हाई, काय न्हाई. निजलाय. लोक म्हणून राहिले, निजू द्या. पण लई मोठा हाय. फळ्यावर मावला नसता." नंतर फोटो आला. ढगात अर्धा बुडालेला डोंगर, पुढे खाला, आणि बाहीखाली दंडावर छोटासा फुगवटा.

आणि काल मुलाचा फोन. वैतागलेला होता. "ताई, अम्मी म्हणतेय आधी नांदेडला जायचं. पुण्याचं तिकीट बदलायला लावलं. नांदेडात एक काम राहिलंय म्हणते. काय काम आहे हो?"

"असेल काहीतरी," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि समोरच्या कुलूपबंद घराचा ओटा झाडून घेतला. काम एका रुपयाचं आहे. तो रुपया पुण्यातही तितकाच चालतो, हे खालांनाही माहीत आहे आणि मलाही.