शर्टावर टाकलेली ओढणी

स्टेजच्या मागे, माझ्या कडक इस्त्रीच्या शर्टावर, त्यांनी कुणाची तरी ओढणी टाकली.

गुलाबी. सेंटचा आणि घामाचा वास येत होता तिला. मंडळाच्या अध्यक्षबाई, सगळे त्यांना मॅडम म्हणत, स्वतःच्या हाताने ती माझ्या गळ्याशी सारखी करत होत्या. मी मागे सरकलो तर त्या पुढे आल्या. म्हणाल्या, "अहो, ओटी घ्यायला पदर लागतो ना. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मी त्यांना म्हणालो, मी पुरुष आहे. मॅडम हसल्या. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसं.

"ते माहितीये हो आम्हाला. म्हणूनच तर तुमचा सत्कार करतोय."

गंगापूर रोडवरचा एसी हॉल. दारात समतेचा मोठा बोर्ड, वर इंद्रधनुष्याच्या रंगांचे फुगे, आत पनीर पकोड्याचा वास. शहरात आमच्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या दोघांचा सत्कार होता. एक मी. दुसरी सोनल. आमचं काम म्हणजे काय, तर घरातून हाकललेली पोरं आमच्याकडे येतात. त्यांना खोली बघून द्यायची. पोलीस चौकीत त्यांच्या बाजूला उभं राहायचं. डॉक्टर हात लावायला कचरला तर तिथून हलायचं नाही. आईबापांच्या दारात जाऊन शिव्या खायच्या, आणि पुन्हा जायचं. बाकी दिवसभर मी अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर असतो. तिथं सुरुवातीला कुजबुज झाली, मग कामाच्या रगाड्यात लोक विसरले. आज सगळे मला भाऊ म्हणतात. तिथं बोर्ड नाही, फुगे नाहीत.

या मंडळाची एक पद्धत होती. पुरुषाला शाल, श्रीफळ आणि फेटा. बाईला साडी, खण, नारळ, म्हणजे ओटी. कार्यक्रमाच्या आधी त्यांच्याकडून फोन आला होता. राग मानू नका, पण तुम्ही दोघं जन्माने काय, असं विचारलं. मला वाटलं, ओळख करून देताना गोंधळ नको म्हणून विचारत असतील. मी खरं ते सांगितलं. त्या उत्तरावरून त्यांनी खरेदी केली, मला ओटी आणि सोनलला फेटा.

सोनल बाई आहे. ती जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले, एवढंच. त्या दिवशी ती हिरवी साडी नेसून आली होती, केसांत मोगऱ्याचा गजरा. कधीतरी एखाद्या सवाष्णीने आपली ओटी भरावी, असं तिला फार वाटायचं. माझ्याजवळ तिने ते बोलून दाखवलं होतं. मॅडमचे यजमान आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर तयार फेटा दाबून बसवला. गजऱ्यावरच. सोनल माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हाच निघून जायला हवं होतं. नाही गेलो, कारण समोर दुसऱ्या रांगेत आई बसली होती.

आई नामपूरहून पहिल्या गाडीने आली होती. मी गाव सोडल्यापासून माझ्या कुठल्याच गोष्टीला ती आली नव्हती. माझं नाव बदललं, आवाज बदलला, दाढी आली, तिने ते बघितलं आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. फोनवरही ती मला नावाने हाक मारत नाही. जेवण झालं का, एवढं विचारते. मला एकच हाव सुटली होती. भर सभेत निवेदक माझं नाव घेईल, मी निवडलेलं, आणि आईच्या कानावर ते पडेल. एवढ्या माणसांनी ते मानलंय म्हटल्यावर कदाचित तिचीही जीभ वळेल. त्या हावेपोटी मी ती ओढणी अंगावर राहू दिली.

ओटी मला नवीन नव्हती. नामपूरला, मला पदर आला तेव्हा, गल्लीतल्या बायकांनी साडी गुंडाळून मला पाटावर बसवलं होतं. मांडीत तांदूळ, नारळ, खारका. बायका कानात काहीबाही सांगून खिदळत होत्या. मला ओकारी आली. मी ती गिळली. आईच्या तोंडावर तेव्हा असा आनंद होता की मला तोंड उघडता आलं नाही.

निवेदकाने माझं नाव घेतलं. पुढे ताई लावलं.

मॅडमनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ओढणीची टोकं माझ्या हातात दिली आणि त्यात ओटी घातली. फोटोवाल्याने मॅडमना जरा इकडे बघायला सांगितलं. मी आईकडे बघितलं. तिच्या तोंडावर तोच आनंद होता, पाटावरच्या दिवशीचा.

मागच्या रांगेत आमची काही पोरं बसली होती. त्यांच्यातून कुणीतरी ओरडलं, "सर, उलटं केलंत." मॅडमचे यजमान हसत माइकपाशी गेले.

"असू द्या हो. घरी जाऊन दोघांनी आपसात बदलून घ्या."

हॉल हसला. पुढच्या रांगेतली पाहुणे मंडळी तर मान मागे टाकून हसली. आईसुद्धा हसली. तिला काहीच कळलं नव्हतं. सगळे हसतायत म्हणून बिचारी हसली.

मला शिसारी आली. जेवताना ताटात केस निघाला की सगळ्या ताटाचीच येते, तशी. त्या फुग्यांची, त्या कुंकवाची, मॅडमच्या मऊ बोटांची. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि ओढणीची टोकं धरून मुकाट उभा असलेल्या माझीही.

मी ओटी टेबलावर ओतली. नारळ घरंगळत खाली गेला. ओढणी काढून मॅडमच्या हातात दिली आणि माइक घेतला.

"मी पुरुष आहे. ही बाई आहे. आम्ही कोण ते आम्ही सांगतो, तुम्ही ठरवायचं नाही. एवढं जमत नसेल तर बाहेरचा बोर्ड उतरवा."

कुणी टाळी वाजवली नाही. सोनलने फेटा काढून खुर्चीवर ठेवला. गजरा पार चुरगळला होता. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा मागून मॅडमचा आवाज आला. "मान दिला तर माज बघा यांचा." मऊ आवाज होता तो. तसाच्या तसा लक्षात आहे.

आई बाहेर आली. मी तिला घेऊन बस स्टँडवर गेलो. तिथं बाकावर बसल्यावर तिला आवरलं नाही. रागाने तिचा आवाज फाटला होता.

"भरेल वटी कोनी परत करस का?"

मी म्हणालो, ती ओटी बाईची होती, माझी नव्हती.

"मंग तू कोन शेस?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं. मी तिच्याच बोलीत उत्तर दिलं. "तुना आंडोर." तुझा मुलगा.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. नामपूरला जायची सटाण्याची गाडी लागली तशी ती उठली, खिडकीशी जाऊन बसली. गाडी सुटली तरी तिने मान वळवली नाही. मला वाईट वाटलं. अजून वाटतं. पण सांगितल्याचा पश्चात्ताप नाही.

आता कुणी सत्काराला बोलावलं की मी आधीच विचारतो. माझं नाव कसं घेणार? सोनलला काय देणार? लोकांना हा उद्धटपणा वाटतो. वाटू दे. काहींनी बोलावणं बंद केलं, ते बरंच झालं.

जन्मभर लोकांना माझी किळस येत आली आणि मी मान खाली घालून ती पोटात ठेवत आलो. पाटावर बसवलं त्या दिवशी गिळलेली ओकारी माझ्या पोटात अजून आहे. आता मी गिळणार नाही. जो वाढेल, त्याच्याच ताटात ओकणार.