उबीनची पेटी आणि उतरलेला गंधार

निघायच्या आदल्या दिवशी कुसुमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझी बॅग उघडली आणि तळाशी लपवलेली कापडी थैली बाहेर काढली. आत दोन बारीक कानशी, एक पेचकस, चिमटा आणि मऊ चामड्याचे चार तुकडे होते. "मुलीकडे चाललोय आपण, दुकानात नाही," ती म्हणाली. "सिंगापुरात कोण तुमची वाट बघत बसलंय?" मी थैली पुन्हा शर्टांखाली सरकवली. मिरजेत पन्नास वर्षं हार्मोनियम दुरुस्त केलेला माणूस मी. दाढीचं सामान विसरलं तर चालतं, ही थैली विसरून चालत नाही.

मुक्ता, आमची लेक, सेरंगूनला राहते. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली भाजी, समोर मॉल, पलीकडे एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन. सगळं इतकं जिथल्या तिथं की माणसाला करायला काही उरत नाही. एमआरटीचं दार मिटताना जी टुंटुं वाजते, ती कुठल्या पट्टीत आहे ते मी पहिल्याच दिवशी मुक्ताला मोठ्यानं सांगितलं. "बाबा, प्लीज, लोक बघतायत," ती म्हणाली. खालच्या मजल्यावर कुणीतरी रोज संध्याकाळी पियानो वाजवायचं आणि त्यातला एक सूर ठार बिघडलेला होता. चार दिवस मी ते सोसलं. पाचव्या दिवशी चप्पल घालून निघालो, तेव्हा कुसुमनं दारातच अडवलं. "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी! बसा गप."

शेवटी शनिवारी मुक्तानंच सुचवलं की बाबांना पुलाउ उबीनला नेऊ या. (पुलाउ म्हणजे बेट.) चांगीच्या धक्क्यावरून दहा मिनिटांवर एक छोटं बेट आहे, तिथे अजून जुनी लाकडी घरं आहेत, मोकळ्या कोंबड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं सायकल चालवायला जातात, एवढंच तिनं सांगितलं. मला कोंबड्या ऐकूनच बरं वाटलं.

धक्क्यावर गेलो तर बोट उभी, नावाडी बसलेला, आणि निघायचं नाव नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की बारा माणसं जमल्याशिवाय बोट सुटत नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हे तर आमचं वडाप. मिरज-सांगली रस्त्यावर जीपवाला जसा "एक सीट, एक सीट" करत थांबतो, तसंच. फक्त इथे कुणी ओरडत नव्हतं आणि बाराच्या जागी वीस कोंबत नव्हतं. सायकलींसह आलेलं एक जोडपं आल्यावर बारा भरली आणि आम्ही निघालो. इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास, दोन्हीकडे हिरवट पाणी. मागे विमानं उतरत होती आणि पुढे नारळाची झाडं दिसत होती.

बेटावर उतरल्या उतरल्या सायकलींची दुकानं. त्यातल्या एका दुकानात सत्तरीचा, डोक्यावर काळी टोपी घातलेला हसतमुख गृहस्थ होता, पाक हमीद. (पाक म्हणजे काका.) तो इंग्रजीत बोलत होता; मी ते इथे मराठीत देतो, पण त्याचा वाक्याच्या शेवटचा "ला" मात्र ठेवतो, कारण त्याच्याशिवाय हमीदकाका म्हणजे फोडणीशिवाय वरण.

"खायचं पुढच्या टोपलीत ठेवू नका ला," त्यानं मला बजावलं. "इथली डुकरं फार हुशार."

मी मान हलवली आणि कुसुमनं केलेली थालीपिठं आणि हत्यारांची थैली असलेली माझी पिशवी पुढच्याच टोपलीत ठेवली. मिरजेच्या माणसाला डुकराचं कोण काय सांगणार? शंभर पावलं गेलो नाही तोच झुडपातून एक रानडुक्कर आलं, पुढचे पाय टोपलीवर ठेवून उभं राहिलं आणि पिशवी ओढून निघालं. मी सायकलीसकट आडवा. कुसुम ओरडली, मुक्ता हसत सुटली, आणि हमीदकाका हातात झाडू घेऊन धावत आला. डुक्कर थालीपिठं घेऊन पसार झालं. उरलेली पिशवी त्यानं वाटेत टाकली आणि माझी हत्यारं रस्ताभर पसरली.

हमीदकाका ती गोळा करायला वाकला. एक कानस उचलून त्यानं बराच वेळ पाहिली. "हे कशाचं?"

"हार्मोनियमचं. मी दुरुस्त करतो."

त्याचं हसू थांबलं. त्यानं झाडू खाली टाकला, दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलं आणि माझ्या मनगटाला धरून मला चालवायला लागला. पाठोपाठ कुसुम आणि मुक्ता.

घर खांबांवर उभं होतं, निळ्या लाकडी भिंतींचं. पडवीत तीन म्हातारे बसले होते. एकाजवळ व्हायोलिन, एकाजवळ तबला, एकाच्या मांडीवर गांबुस (सरोदासारखं लाकडी पोटाचं वाद्य). मधोमध चटईवर एक जुनी, एकेरी सुरांची (एका पट्टीला एकच सूर असलेली) पेटी. हे लोक जे वाजवतात त्याला गझल म्हणतात हे कळल्यावर तर मी खालीच बसलो. समुद्रापलीकडच्या जोहोर प्रांताचा हा प्रकार. भाषा मलय, पण तबला आणि पेटी आपल्याकडूनच कधीतरी बोटीत बसून आलेली असणार. परक्या देशात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला.

हमीदकाकानं सगळं सांगितलं. पेटी त्याच्या थोरल्या भावाची, उस्मानची. उस्मान तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको, माक तिमा (माक म्हणजे काकू), या बेटावरची गाणारी. नवरा गेल्यापासून तिनं गायला तोंड उघडलेलं नव्हतं. आता डोळ्यांनी दिसेनासं झालंय, म्हणून लेक तिला शहरातल्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर नेणार. उद्या सकाळी जायचं. आज दुपारच्या नमाजानंतर निरोपाची पंगत होती, आणि माक तिमा कशीबशी कबूल झाली होती की उस्मानची पेटी वाजली तर एक गाणं म्हणेन.

"आणि पेटी वाजत नाही," हमीदकाका म्हणाला. "दोन दिवस झटतोय. नुसता वारा येतो ला."

मी घड्याळात पाहिलं. दीड तास होता. माझे हात आठवडाभर शिवशिवत होतेच.

पेटी उघडली. भात्याला दोन ठिकाणी भेग, आणि सुरांच्या फळीवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. चामडं चिकटवायला सरस हवा होता, तो नव्हता. मग हमीदकाकाच्या दुकानातून पंक्चर काढायचं सोल्युशन आणि रबराची ठिगळं आणवली. भात्याला सायकलचं ठिगळ लावणारा मी मिरजेतला पहिलाच असेन. तिकडे कुणाला सांगू नका. मातीचं घर काढलं, धूळ फुंकली, एकेक सूर वाजवून पाहिला. सगळे जुने पण सच्चे. फक्त मधल्या सप्तकातला गंधार चांगलाच उतरलेला.

"विचारून हात लावा," कुसुम मागून म्हणाली.

पण कानस आधीच माझ्या हातात होती. उतरलेला सूर समोर असताना तो तसाच सोडणं मला आजवर जमलेलं नाही. पितळेच्या जिभेचं टोक जरासं खरवडलं की सूर चढतो, हे काम मी झोपेतही करतो. कानशीचे चार घास, एक फुंकर, आणि गंधार काचेसारखा स्वच्छ. मी सगळी सप्तकं वाजवून दाखवली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हमीदकाकानं मला मिठी मारली. मी कुसुमकडे विजयी नजरेनं पाहिलं, आणि दर वेळी मी असं पाहतो तेव्हा जे होतं तेच पुढे झालं.

नमाज झाला. माणसं जमली, बरीचशी बेट सोडून शहरात गेलेली, आजच्यासाठी बोटीनं आलेली. लेकीचा हात धरून माक तिमा बाहेर आली. बारकी, ताठ, डोक्यावर पांढरी ओढणी. ती पेटीजवळ बसली, हमीदकाकानं भाता हलवला, गांबुस सुरू झालं. तिनं श्वास घेतला. पेटी गंधारावर आली, आणि तिनं तोंड मिटलं.

पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा तिथंच ती थांबली. मग तिनं हात पुढे केला, पेटीची कड चाचपली, आणि दिराला हळूच काहीतरी विचारलं.

हमीदकाकानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "ती विचारतेय, ही कुणाची पेटी आणली? उस्मानची कुठे गेली?"

मग त्यानं सांगितलं ते असं. तो सूर उस्मानच्या लग्नाआधीपासून तसाच होता. उस्मान म्हणायचा, माझ्या पेटीचा एक पाय लंगडा आहे, तिमा खाली उतरते आणि त्याला हात देते. चाळीस वर्षं ती त्या जागी आवाज थोडा खाली नेत आली होती, आणि गांबुसवाला, व्हायोलिनवाला, दोघांनीही तेवढ्यापुरती बोटं तशीच वळवून घेतली होती. त्यांच्या गाण्यात तोच गंधार बरोबर होता. इतक्या गडबडीत माझा सूर कुणाला खटकला नव्हता, पण आंधळ्या बाईनं पेटी ओळखली नव्हती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला खरोखर रडू यायचं बाकी होतं.

"परत करता येईल का ला?" हमीदकाकानं विचारलं.

करता येतं. जिभेच्या मुळाशी खरवडलं की सूर उतरतो. पण पितळ जुनं, पातळ झालेलं. एक घास जास्त झाला तर जीभ तुटते आणि मग आज काही नाही, उद्याही नाही. शिवाय तो नेमका किती उतरलेला होता हे मला आठवत नव्हतं. चूक म्हणून पाहिलेली गोष्ट कोण मोजून ठेवतो? पन्नास वर्षांत मी सूर बिघडवायला कानस कधी उचलली नव्हती.

"तिलाच गायला सांगा," मुक्ता म्हणाली. "तेवढा एकच सूर."

हमीदकाकानं वहिनीला काय सांगितलं कोण जाणे. लपवलं नसावं, कारण ती माझ्या दिशेनं वळली आणि चक्क हसली. मग तिनं तो गंधार गुणगुणला. मी खरवडलं, वाजवलं.

"तुरुन," ती म्हणाली. (खाली.)

पुन्हा एक घास. "सिकित लागी." (अजून थोडं.)

पडवीतले सगळे पुढे झुकून ऐकत होते. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या असं आज वाटतं, पण त्या बहुतेक ओरडत असणार. कुसुमनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता. आठव्या की नवव्या घासाला मी सूर वाजवला, आणि माक तिमाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"चुकुप," ती म्हणाली. (पुरे.)

मग ती गायली. आवाज म्हातारा, मधूनच फाटणारा. शब्द मला एकही कळला नाही. पण ती त्या गंधारावर यायची तेव्हा आवाज जरासा वाकायचा, पायरी उतरणाऱ्या माणसाला आधार द्यायला आपण वाकतो तसा, आणि पेटी तिच्या बरोबर असायची. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका उतरलेला आणि इतका बरोबर सूर ऐकलेला नाही. एक गाणं म्हणून बसली होती, चार म्हणाली.

मग पंगत. नारळाच्या दुधातला भात, तळलेले मासे, झणझणीत सांबाल (मिरचीची ओली चटणी), आणि शेवटी ओन्दे-ओन्दे नावाचे हिरवे गोळे. वर खोबरं, आत पातळ गूळ. "मोदक उलटा केलाय," कुसुम म्हणाली आणि तीन खाल्ले. मी चावल्याबरोबर गूळ शर्टावर उडाला. डुकरापासून वाचलेला शर्ट गुळापासून वाचला नाही.

निघायच्या आधी मी पेटी पुन्हा उघडली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीत आत पेन्सिलीनं नाव-गाव लिहायची आमची पद्धत आहे. मी नाव लिहिलं नाही. त्या सुराशेजारी लिहिलं, "हा गंधार असाच आहे. हात लावू नये." हमीदकाकानं त्याखाली तेच मलयमध्ये लिहिलं. जुरोंगलाही एखादा शहाणा भेटू शकतो.

परतीच्या बोटीला बारा माणसं जमायला वेळ लागला नाही. पंगतीला आलेलेच सगळे होते. कुसुमनं ओन्दे-ओन्देचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. "कोण वाट बघत बसलंय म्हणाले होते ना मी," ती म्हणाली आणि तिनं त्यातला एक गोळा माझ्या हातावर ठेवला. तिच्याकडून एवढं ऐकायला मिळणं हे माझ्या दृष्टीनं विमानप्रवासाइतकंच मोठं होतं.

मिरजेला परतल्यावर चौथ्या दिवशी जयसिंगपूरच्या एक बाई पेटी घेऊन दुकानात आल्या. भाता गळतो, म्हणाल्या. मी पेटी उघडली, सूर तपासले. वरचा निषाद बराच चढलेला. हात सवयीनं कानशीकडे गेला. मी आधी झाकण उजेडात धरून आत कुणी काही लिहिलंय का ते पाहिलं. काही नव्हतं. मग कानस खाली ठेवली आणि त्यांना स्टूल पुढे केलं.

"बसा बाई," मी म्हणालो. "चहा सांगतो. ही पेटी कोण वाजवायचं, आणि त्यांच्याबरोबर गायचं कोण, ते आधी सांगा."