कानमध्ये भेटलेल्या वहिनी

सासूबाईंना फोनवर सांगितलं, "आम्ही कानला चाललोय." पुण्याची लाइन खरखरत होती. त्या म्हणाल्या, "कानाला काय झालं?" मग मला समजावून सांगावं लागलं की कान हे फ्रान्समधलं समुद्रकाठचं गाव आहे, श्रीमंतांचं, आणि ह्यांच्या कंपनीने त्या वर्षी सर्वांत जास्त एसी विकणाऱ्या चौघांना बायकांसकट चार दिवस तिथे न्यायचं ठरवलंय. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही दुबईत, करामातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. मुलीला शेजारी ठेवलं आणि जुलैत निघालो.

धक्के पहिल्या दिवसापासूनच बसायला लागले. समुद्राला लागून लांबच लांब रस्ता, एका बाजूला पांढरीशुभ्र हॉटेलं, दुसऱ्या बाजूला वाळू. वाळूवर आडव्या झालेल्या बायकांच्या अंगावर कमरेच्या वर काही नव्हतं, आणि त्यातल्या कितीतरी माझ्या आईच्या वयाच्या होत्या. ह्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघत तो सगळा रस्ता पार केला. एका हॉटेलचा माणूस एका कुत्र्यासाठी दार उघडून अदबीने उभा होता. श्रीमंती मी दुबईत बघितली होती. पण ती काळ्या काचांच्या गाड्यांतून निघून जायची. इथे ती उघड्यावर पालथी पडून ऊन खात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषमंडळी मीटिंगला गेली. बरोबर आलेल्या ह्यांच्या साहेबांच्या पत्नी मला म्हणाल्या, "चलो, थोडा घूमते हैं." त्या दिल्लीच्या. त्यांच्यासमोर मी जपून बोलायचे, कारण ह्यांचं प्रमोशन साहेबांच्या सहीसाठी अडलेलं होतं. आम्ही समुद्राच्या कडेने चालत होतो. समोरून दोन छोट्या मुली धावत आल्या. त्यांच्यामागे काळ्या अबायातल्या दोन बायका, आणि सगळ्यांत मागे फिकट निळा झगा घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. आखातातला उन्हाळा टाळायला आलेली अशी कुटुंबं तिथे पुष्कळ होती, त्यामुळे मी फारसं लक्ष दिलं नाही.

"यल्ला, यल्ला," म्हणजे चला चला, असं ती बाई मुलींना अरबीत म्हणत होती. एवढ्यात धाकटी कठड्यावर चढायला लागली आणि बाईच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पडशील ना!"

मी गर्रकन वळले. त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी होत्या.

लग्न होऊन मी करामात आले तेव्हा गॅस कुठून मागवायचा इथपासून सगळं मला त्यांनी शिकवलं होतं. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, बिल्डिंगमधल्या पोरांना घरी बोलावून बाराखडी गिरवायला लावायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान ऑफिसात खुर्चीतच गेले. मुलीला घेऊन, शवपेटीबरोबर वहिनी नाशिकला गेल्या. त्यांचं सामान मीच बांधलं होतं. नंतर दोन पत्रं आली, मग थांबली. आम्हा बायकांत पक्कं झालं होतं की वहिनी नाशिकला शाळेत शिकवतात. हे कुणी सांगितलं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

आता त्या माझ्यापासून चार हातांवर उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"आपको जानती है क्या?" साहेबांच्या पत्नींनी विचारलं.

"नहीं," मी म्हणाले.

वहिनींनी मान फिरवली आणि बाबागाडी पुढे ढकलली. तिचं चाक माझ्या ओढणीला घासून गेलं. साहेबांच्या पत्नी पुढे कितीतरी वेळ पर्सच्या दुकानांबद्दल बोलत राहिल्या, आणि मी हो हो म्हणत राहिले.

हे मीटिंगहून आल्याबरोबर मी सगळं सांगून टाकलं. ते पलंगावर बसून बूट काढायला लागले. "तुझा गैरसमज झाला असेल," म्हणाले.

"वहिनींचा आवाज मी ओळखत नाही?"

मग ते म्हणाले, "सकाळी जाऊन शोध. तुझं डोकं दुखतंय असं मी साहेबांना सांगतो."

सकाळी आठलाच मी त्या रस्त्यावर गेले. तासाभराने वहिनी सापडल्या. मुली घोड्यांच्या चक्रात बसल्या होत्या, बाबागाडीतलं बाळ झोपलं होतं आणि वहिनी खुर्चीवर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. मी वाटीभर साखर मागायला आल्यासारखं.

"वहिनी, काल मी..."

"काल मीही मान फिरवलीच की. बरोबर कोण होत्या? साहेबांची बायको?"

"हो."

"मग ठीक केलंस."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, "कधीपासून आहात इथे?"

"इथे दीड महिना, उन्हाळ्यापुरतं. एरवी शारजाला. तिथे खाडीकाठी, अल मजाजच्या जवळ ह्या मुलींचं घर आहे. दोन वर्षं होतील आता."

मला आधी नीट कळलंच नाही. ट्रॅफिक नसेल तर करामातून शारजा अर्ध्या तासावर. भाजी घ्यायला आम्ही दर महिन्याला तिथे जायचो. ज्या बाईची पत्रं का येत नाहीत म्हणून मी हळहळत होते, ती दोन वर्षं अर्ध्या तासावर होती.

"एक फोन तरी करायचात."

"काय सांगून?" वहिनींनी बाळावरची माशी हाकलली. "नाशिकला दिरांच्या घरात मला नि मुलीला मागची खोली मिळाली. शाळांना बी. एड. हवं होतं. मुलीला तर इंजिनिअरिंगला घालायचं होतं. मुंबईत एक एजंट म्हणाला, स्वयंपाक येतो, मुलं सांभाळता येतात, थोडं अरबी कळतं, मग चला. आले."

"त्रास देतात का?"

"मॅडम वाईट नाहीत. पासपोर्ट त्यांच्याकडे असतो. मागितला की देईन म्हणतात. मी अजून मागून बघितला नाही."

"सरळ आमच्याकडे यायचं होतं, वहिनी."

"कोण म्हणून आले असते गं?" त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "आपल्याकडे फरशी पुसायला ती श्रीलंकेची बाई यायची, आठवतंय? तिचा कप आपण वेगळा ठेवायचो. तुझ्याकडचा हिरवा होता. माझ्याकडचा दांडी तुटलेला."

तो हिरवा कप माझ्या ओट्याखाली तेव्हाही होता, आणि त्यात काही वावगं आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

चक्र थांबलं. मुली धावत आल्या आणि वहिनींच्या झग्याला बिलगल्या. वहिनी उठल्या. "करामात बोलू नकोस," म्हणाल्या. "माझ्या मुलीलाही वाटतं, मी इकडे शाळेत शिकवते."

मी कुणाला सांगितलं नाही. सप्टेंबरपासून महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी मी अल मजाजला जायचे. मुली खेळत, आम्ही खाडीच्या कडेला बाकावर बसायचो. घरी या म्हणून मी मागे लागायचे, त्या टाळायच्या. एकदा मी माझ्या मुलीला बरोबर नेलं. तिने वहिनींना ओळखलं नाही. वहिनींनी विचारलं, "मराठी लिहितेस ना अजून?" "ओन्ली माय नेम," ती म्हणाली. वहिनींनी तिला शेजारी बसवून माझ्या डायरीत बाराखडी काढून दिली. त्या दोन अरब मुलीही वाकून बघत होत्या.

असं तीनेक वर्षं चाललं. वहिनींच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्यांनी पासपोर्ट मागितला. मॅडमनी चार दिवस लावले, पण दिला. निघण्याआधी वहिनींनी मुलीला पत्र लिहून सगळं खरं कळवलं. उत्तर आलं नाही. विमानतळावर मी सोडायला गेले तेव्हा त्या सारख्या रुमालाने हात पुसत होत्या. "ती न्यायला आली नाही, तर मी कुठे जाऊ?" एवढंच म्हणाल्या.

महिन्याभराने पत्र आलं. मुलगी न्यायला आली होती. बॅग उचलली, पण दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "आई, तुला अरबी खरंच बोलता येतं?" वहिनींनी दोन वाक्यं बोलून दाखवली. मग मुलगी रडली, आणि त्या दिवशी ती ऑफिसला गेली नाही.