दादाभाऊची चाळीस मेंढरं

दादाभाऊ आमच्या विद्यापीठाच्या व्हिडिओ विभागात कार्टून काढायचा. बी.एस्सी.च्या पोरांना अवघड धडे हसतखेळत कळावेत म्हणून. मी शेजारच्या टेबलावर आवाज जोडायचो. आठ वर्षांत त्याला भेटायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. डबाही तो भिंतीकडे तोंड करून खायचा. माणूसघाणा मुळीच नव्हता. त्याला कुणी बोलवायचंच नाही. त्यात मीही आलो.

२००४ साली संख्याशास्त्राच्या वृषाली मॅडमना फिल्म हवी होती: थोडी मेंढरं निवडून साऱ्या कळपाचा अंदाज कसा बांधायचा. "एक मेंढरू काढ आणि चाळीस वेळा चिकटव," त्या म्हणाल्या. दोन दिवसांचं काम. या पठ्ठ्यानं पाच आठवडे लावले आणि चाळीसही वेगळी काढली! एकीचा कान तुटका, एक लंगडी, एक काळ्या-पांढऱ्या ठिगळांची बांडी. मॅडम भडकल्या.

"मॅडम, दोन मेंढरं सारखी नसत्यात," एवढंच तो म्हणाला.

वर्गात पोरं खदाखदा हसली, धडाही कळला, आणि मॅडमचा राग पळाला. पण दादाभाऊला शाबासकी हवी होती ती मेंढपाळ वडिलांची, सोमाजींची. "थोराड पोरांस्नी कार्टून दावाया मेंढरं सोडलीस व्हय?" असं सोमाजी एकदा बोलले होते. ते त्याच्या काळजात रुतलं होतं.

मे अखेरीस सोमाजी मेंढरं घेऊन कोकणातून परतले, तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आम्ही आण्याला, त्याच्या गावी गेलो. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून बापलेक एकाच घोंगडीत डोकं घालून बसले. मी बाहेर उभा.

आत फिल्म सुरू झाली. मग सोमाजींचा आवाज आला, "आरं, ही आपली बांडी! बिबट्यानं नेली. लंगडी मेली. तुटक्या कानाची इकली." असं करत चाळीसही झाली. "येक बी चुकला न्हाईस. पर ह्यातलं आता येक बी ऱ्हायलं न्हाई, दादा."

घोंगडी बाजूला झाली. म्हातारा खुशीत होता. "लई झ्याक काढलीस. आता ही बी काढ."

समोर जाळीच्या कुंपणात मेंढरं उभी होती. दादाभाऊ वही घेऊन जवळ गेला, उकिडवा बसला, जिभेनं चुकचुकत हाक दिली. त्याचा इतका खुललेला चेहरा मी आठ वर्षांत पाहिला नव्हता.

अनोळखी हाकेनं मेंढरं दचकली आणि सगळीच्या सगळी सोमाजींच्या बाजूला सरकली.