पडद्याच्या कडेला उभा माणूस

खेळ सुरू व्हायच्या आधी बुवा हातातली काठी तंबूच्या खांबावर आपटत, खांद्यावरचा दुपट्टा कमरेला आवळत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "मंडळी, मी पाह्यलं ते सांगतो. ठरवाचं तुमचं तुमी." एवढं झालं की मी पेटीचा भाता ओढायचो, यंत्रावरचा माणूस दांडा फिरवायचा आणि पांढऱ्या चादरीवर चित्रं हलू लागायची.

तुमच्यापैकी ज्यांनी मुका चित्रपट पाहिला नाही, त्यांना हा काठीवाला माणूस कशासाठी, हे सांगायला हवं. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची. मधेच अक्षरांची पाटी यायची, ती इंग्रजीत किंवा गुजरातीत. मलकापूरच्या तंबूत ती वाचणारे थोडे, आणि जे होते ते मोठ्याने वाचून शेजाऱ्याला पिडायचे. म्हणून मालकाने बुवांना ठेवलं होतं. दिवसा बुवा कापसाच्या बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारत. बैलांच्या घुंगरांतून आणि अडत्यांच्या भांडणांतून त्यांचा आवाज स्टेशनापर्यंत पोचे. संध्याकाळी तोच आवाज पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगे. मी दिवसा कापसातून सरकी काढायच्या जिनात कारकून आणि संध्याकाळी पेटीवाला. पेटी मी बरी वाजवायचो, असं माझं मत होतं. बुवांचं मत मी कधी विचारलं नाही.

तंबूत चादरीच्या दोन्ही अंगांना लोक बसत. पुढे चित्र सुलट दिसे, मागे उलट, म्हणून मागची जागा स्वस्त. बायकांसाठी पुढेच एका बाजूला कनात लावलेली. बुवा बरोबर चादरीच्या कडेला उभे राहत, म्हणजे आवाज सगळीकडे जावा. गंमत अशी की कडेला उभ्या माणसाला चित्र धड दिसतच नाही. म्हणून नवा खेळ आला की ते दुपारी कनाती पाडून तो आधी एकटेच पाहून घेत आणि मग मनात ठेवून सांगत.

सांगणंही असं की विलायती साहेबाला ते सरळ वऱ्हाडी करून टाकत. गोरा नायक गुडघ्यावर बसून नायिकेचा हात धरी आणि बुवा सांगत, "सायेब म्हनते, बाई, तुह्यापायी मी नोकरी सोडली. आता खावाचं काय, ते तूच सांग." तंबू हसून लोळायचा. एकदा जबलपूरकडून बदलून आलेले नायब तहसीलदार उठून म्हणाले की पाटीवर असं काही लिहिलेलं नाही. बुवा नम्रपणे म्हणाले, "पाटी तुमी वाचली साहेब. मी त्याचं तोंड पाहून राह्यलो होतो." साहेबांचं समाधान झालं नाही. पुढच्या खेळाला मात्र ते पुन्हा आले.

अशा ह्या आमच्या तंबूत एका हंगामात तो खेळ आला.

गोष्ट साधी होती आणि भयंकर होती. एका बाईची लहान मुलगी नदीत बुडून मेलेली. काही दिवसांनी बाईला ती घरात दिसायला लागते. कधी झोपाळ्यावर, कधी दाराआड. नवरा म्हणतो तुला भ्रम झाला. वैद्य औषध देतो, बाई ते ओतून टाकते. शेवटी तिला खोलीत कोंडतात. आणि त्याच रात्री नवरा दचकून जागा होतो. दारापासून त्याच्या पलंगापर्यंत लहान ओली पावलं उमटलेली. तो किंचाळतो. लगेच कोंडलेल्या खोलीत बाई डोळे उघडते आणि मंद हसते. संपलं. पुढे पांढरी चादर.

पहिल्या दिवशी कोणी उठेचना. मग एकदम कालवा झाला.

जिनात सरकी निवडणाऱ्या बायकांचा निकाल तिथल्या तिथे लागला, की पोरगी आली होती. आमच्या गल्लीतले वकील म्हणाले, बाईचं डोकं फिरलेलं आहे, पावलांना साक्षीदार कोण? एक दलाल म्हणाला की रीळ संपलं म्हणून त्यांनी खेळ तिथे तोडला, यात विचार करण्यासारखं काही नाही. एक लोहार भीतीने डोळे मिटून बसला होता आणि बाहेर आल्यावर तोच सर्वांत मोठ्याने वाद घालत होता. उंद्री गावचा एक म्हातारा पहिल्यांदाच तंबूत आला होता आणि चादरीमागे बसला होता. त्याने तर शपथेवर सांगितलं, "हे सपनच हाय. सगळे डाव्या हातानं जेऊन राह्यले. जितं मानूस असं जेवते काय?" त्याला चादरीच्या पुढे आणून दाखवलं तरी त्याने मत बदललं नाही.

मी स्वप्नवाल्यांच्या पक्षातला. बाई झोपेतून उठते, म्हणजे आधीचं सगळं तिचं स्वप्न, इतकं ते सरळ आहे. माझ्या बायकोला ते पटलं नाही आणि आमच्या घरी चार दिवस बोलणं कमी झालं.

सगळे पक्ष शेवटी बुवांकडेच जात. त्यांनी खेळ एकट्याने पाहिलेला, रोज सांगितलेला. बाजारात गाडीवर उभे असताना लोक खालून विचारत, "बुवा, आता सांगूनच टाका. पोट्टी होती का नव्हती?"

"पावलं ओली होती," बुवा म्हणत. "ठरवाचं तुमचं तुमी." आणि पुढच्या गाडीचा भाव पुकारत.

मला वाटे, हा माणूस मुद्दाम भाव खातो आहे. म्हणून बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी मी दुपारी त्यांच्या घरी गेलो, निकाल घेऊनच यायचा असं ठरवून. बुवा जेवायला बसत होते. चुलीपुढे तीन पाट मांडलेले. मला जेवायचा आग्रह झाला आणि मी जवळच्या लहान पाटावर टेकणार, तोच बुवा म्हणाले, "त्या पाटावर नका बसू, पेटीवाले." त्यांनी भिंतीला टेकवलेला दुसरा पाट काढून दिला.

बुवांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, भाकरी वाढल्या. मला, बुवांना, आणि त्या लहान पाटापुढच्या थाळीत चतकोर, वर लोण्याचा गोळा. मग त्या पाटाकडे पाहून साध्या आवाजात म्हणाल्या, "सांडू नको." आणि चुलीकडे वळल्या. माझा घास हातातच राहिला. बुवा शांतपणे जेवत होते.

त्यांची एकुलती मुलगी तापाच्या साथीत गेलेली, हे मला ऐकून ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं.

जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. वहिनींनी ती चतकोर भाकर गाईला घातली, थाळी घासली, शेजारणीशी वाटाण्याच्या भावाबद्दल बोलल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही काही वेगळं नव्हतं.

"वहिनीले एकदा नीट सांगा ना, बुवा," मी हळूच म्हणालो.

"काय सांगू? पोट्टी गेली म्हनून? ते तिले ठाऊक हाय. तिनंच शेवटचं न्हाऊ घातलं तिले. तरी तिले दिसते." बुवांनी सुपारी कातरली. "मी 'हाय' म्हनत नाही, काऊन का मले दिसत नाही. 'नाही' बी म्हनत नाही, काऊन का तिले दिसते. मी खोटं बोलत नाही आन् तिले खोटी पाडत नाही. एवढंच माह्या हातात हाय."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वहिनींचा भाऊ साखरखेर्ड्याला होता, शेतीवाडी असलेला. तो त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवायला नागपूरला नेतो म्हणून मागे लागला होता. गल्लीतल्या चार शहाण्यांचाही त्याला दुजोरा होता. "तिथं गेली का तिचं नाव येडीच पडते, पेटीवाले. मंग परत आली तरी येडीच. आता ह्या खेळात मी बोललो, का त्या मायचं डोस्कं फिरलं होतं, त उद्या हेच लोक माह्या दारात येऊन म्हनतीन, बुवा, तुमीच त सांगतलं."

निकाल न घेता मी घरी आलो.

पुढे तंट्याने गंभीर वळण घेतलं. स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात दोन पक्ष भिडले, बाकडी मोडली, एकाचं डोकं फुटलं. फौजदाराने मालकाला बोलावून बजावलं की हा वाद मिटव, नाहीतर तंबू उचल. मालक बुऱ्हाणपूरकडचा, माणूस वाईट नव्हता, पण तंबूवर त्याचं घर चालत होतं. दुपारी तो आमच्यासमोर बुवांना म्हणाला, "बुवा, आज फैसला करून टाका. बाईचं दिमाग खराब होतं, सगळं तिचं स्वप्न होतं. एवढं बोला. नाही बोलणार तर काठी मला देऊन टाका."

बुवांनी काठी काखेत धरली आणि ते निघाले. मालकाने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

त्याच संध्याकाळी वहिनी खेळाला आल्या. साऱ्या गावात बोलबाला झाल्यावर त्यांच्या कानावर जाणारच होतं. बुवांनी त्यांना अडवलं नाही, स्वतः कनातीआड नेऊन बसवलं. साखरखेर्ड्याचा भाऊही पुढच्या बाकावर हात बांधून बसला होता. फौजदाराचा शिपाई दाराशी. मी पेटी पुढे ओढली.

बुवांनी काठी आपटली, दुपट्टा आवळला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही. झोपाळा आला, औषध आलं, दाराला कडी लागली. ओली पावलं उमटली. नवरा किंचाळला आणि बाई डोळे उघडून हसली. चादर पांढरी झाली. मालक कंदील घेऊन पुढे आला आणि बुवांकडे बघत उभा राहिला. मी पेटी थांबवली.

बुवा कडेवरून निघून चादरीच्या समोर, मधोमध आले. तिथे ते कधी उभे राहत नसत.

"मंडळी," ते म्हणाले, "मालक म्हनतात, त्या बाईचं डोस्कं फिरलं होतं आन् हे सारं सपन होतं. मालकाचं सांगनं मी तुमाले सांगतलं. आता माह्यं ऐका. ती बाई रांधत होती, झाडत होती, नवऱ्याले वाढत होती. तिनं कोनाले इजा केली नाही. तिले पोट्टी दिसत होती आन् घरातल्या कोनीच तिले इचारलं नाही, का बाई, पोट्टी कशी हाय? कोंडलं तेवढं. पावलं ओली होती. मी पाह्यलं ते सांगतलं. ठरवाचं तुमचं तुमी."

मग त्यांनी काठी मालकाच्या हातात दिली.

कोणी ओरडलं नाही, कोणी वाद घातला नाही. लोक बाहेर पडले ते हळू आवाजात बोलत. वकीलसुद्धा गप्प होते, आणि ते गप्प राहिल्याचं माझ्या माहितीत दुसरं उदाहरण नाही. तंबूबाहेर बुवा वहिनींची वाट बघत थांबले. मी पेटी घेऊन शेजारी, आणि पलीकडे तो भाऊ.

वहिनी आल्या. डोळे कोरडे होते. जरा रागात होत्या.

"त्या मायनं पोट्टीले पुसलं काऊन नाही हो?" त्या बुवांना म्हणाल्या. "एवढी ओली होती."

"हाव," बुवा म्हणाले. "पुसाले पायजे होतं."

दोघं घराकडे चालू लागली. भावाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि तो त्यांच्या मागे गेला. दुसऱ्या दिवशी तो बहिणीच्या हातचं जेवून एकटाच साखरखेर्ड्याला परतला. नागपूरचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मालकाने दुसरा सांगणारा आणला. तो रोज शेवटी "हे स्वप्न होतं" असं बजावून सांगे आणि लोक रोज त्याला खाली बसवत. तो खेळ लवकरच उठला. पुढे पडदा स्वतःच बोलायला लागला, तेव्हा सांगणारा नको झाला आणि पेटीवालाही. बुवा बाजारात हर्रास पुकारत राहिले. बोलत्या खेळाला मी त्यांना एकदा नेलं होतं. सगळं ऐकून बाहेर आल्यावर म्हणाले, "लय बोलतात."

बुवा गेले त्या वर्षी मी बदलीवर अकोल्याला होतो, म्हणून भेटायला जायला उशीर झाला. वहिनी चुलीपाशी होत्या. केस पांढरे झालेले, हात तसेच चपळ. पाट मांडलेले होते. लहान पाट, त्यांचा स्वतःचा, आणि बुवांचा. बुवांच्या पाटापुढे थाळी वाढलेली.

माझ्या तोंडातून नको तो प्रश्न निघून गेला. "बुवा दिसतात का, वहिनी?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पोट्टी दिसते. ते नाही दिसत." भाकरी उलटून त्यांनी तव्यावर हाताने दाबली. "इतकी वर्सं त्याईले पोट्टी दिसली नाही, तरी तिचा पाट त्याईनं कधी उचलू देल्ला नाही. ठरवाचं तुमचं तुमी, म्हनत. आता म्या ठरवलं."

त्यांनी भिंतीचा पाट मला दाखवला. माझं मत आजही विचाराल तर तो खेळ स्वप्नाचाच होता. पण भिंतीकडे जाताना मधे बुवांचा पाट होता. मी तो ओलांडला नाही, वळसा घालून गेलो.