व्याह्यांनी जपलेला पत्ता

आमच्या व्याह्यांइतका पत्ता जपणारा माणूस सातारा-सांगली जिल्ह्यांत दुसरा झाला नाही. लोक सोनं जपतात. हे तर सोनं गाळणारे, विट्याचे गलाईवाले, पण कुलूप लावत ते पत्त्याला. उभा जन्म मद्रासकडं दुकान चालवलं, आणि सोनारांच्या सबंध पेठेत ते राहतात कुठं हे एकालाही कधी कळलं नाही. मुलाच्या लग्नपत्रिकेतसुद्धा त्यांनी घराचा पत्ता छापला नाही. 'विट्यात आल्यावर विचारा', एवढंच. आमचं पलूसचं वऱ्हाड ट्रकमधून उतरून विचारत फिरलं, तर प्रत्येक दुकानदार आम्हालाच विचारी, "तुमी कोन? काय काम हाय त्यांच्याकडं?" व्याह्यांनीच शिकवून ठेवलेलं. नवरी दारात येईस्तोवर अक्षतांची वेळ टळली, तर हे म्हणतात, "टळू द्या. पन कुनी सांगितलं का बघा, पाव्हणं. भरवशाची मानसं हायती."

व्यापाऱ्यांना पत्ता द्यायची वेळ आलीच तर प्रत्येकाला निराळा देत. एकाला पाण्याच्या टाकीमागं, दुसऱ्याला मारुतीसमोर. पोस्टमनला सगळे ठाऊक. टाकीमागच्या पत्त्यावर अनोळखी पत्र आलं की पत्ता कुणी फोडला ते हे बसल्याजागी ओळखायचे. हे दुकान आवरून विट्याला परतले, त्या नव्याण्णव सालाच्या सुमारास सांगलीत कॉम्प्युटरवर पत्रं यायला लागली, तिथंही ह्यांची तीच रीत. कुठं नाव नोंदवायचं म्हटलं की ईमेल मागतात. हे तेवढ्या कामापुरती ईमेलची नवी पेटी उघडत. गाड्यांच्या वेळा बघायला एक, सोन्याचा भाव बघायला एक. जन्मतारीख विचारली तर शेजाऱ्याची म्हैस व्याली तो दिवस टाकत. मी म्हटलं, "एवढं खोटं कशाला?" तर म्हणाले, "फॉर्म म्हंजे चौकशी करनारी शेजारीन. ती इचारती म्हनून तिला चुलीपातूर न्यायचं व्हय?"

खरी पेटी एकच. माझी लेक आणि त्यांचा मुलगा दुबईला होते, त्यांच्या पत्रांसाठी. तो पत्ता दुसऱ्या कुठं द्यायचा नाही, असं मला बजावलेलं. माझं शिक्षण चौथी, पण दर शनिवारी पलूसहून एसटीनं सांगलीला जायचं, नेट कॅफेच्या बाईंकडून पत्र छापून घ्यायचं आणि घरी येऊन आमच्या हिला वाचून दाखवायचं, एवढं व्याह्यांनी शिकवलं. हिची किडनी गेलेली. आठवडाभर अंथरुणावरून ही त्या कागदाची वाट बघायची.

खोटं कशाला बोलू, चूक माझी. एका शनिवारी पडद्यावर जाहिरात आली. पत्ता भरा, जुन्या दुखण्यावर घरगुती औषध फुकट कळवू. मी बाईंना सांगून लेकीच्या पत्रांचाच पत्ता भरला. औषध काही आलं नाही. जाहिराती मात्र एवढ्या आल्या की पेटी तुंबली आणि लेकीची पत्रं उलट्या पावली परत जायला लागली. तीन शनिवार मी हात हलवत घरी आलो. ही म्हणायची, "आवं, लेक रागावली का काय माज्यावर?"

लेकीनं शेवटी विट्याला फोन केला, तेव्हा व्याह्यांना कळलं. दुसऱ्याच दिवशी आले. "कुनाला दिला पत्ता?" मी खाली मान घालून सांगितलं. आता सालटं काढणार, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "असल्या जागी माजा एखादा फालतू पत्ता टाकायचा, पाव्हणं," एवढंच म्हणाले. "चला सांगलीला."

सांगलीत त्यांनी आधी लेकीसाठी नवी पेटी उघडली आणि तिला कळवलं. मग जुनी साफ करायला बसले. कॅफेच्या बाई म्हणाल्या, "काका, सगळं एकदम पुसता येतं." "ऱ्हाऊ द्या, बाई." आणि जन्मभर अनोळखी पत्र न फोडता टाकणारा हा माणूस पडद्यावर बोट ठेवून, मोडक्या इंग्रजीत, एकेक जाहिरात वाचायला लागला. मी विचारलं, "काय बघताय?"

"एखादं खरं असलं तर?"

दिवस कलला. औषध कशातच नव्हतं. लेकीचं पत्र तेवढं नव्या पेटीत आलं. हिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि उशाखाली ठेवलं.

पुढच्या महिन्यात ही गेली. जुनी पेटी व्याह्यांनी बंद केली असेल, असं मला वाटत होतं. वर्षश्राद्धाला विट्याहून दोघं आली, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "न्हाई वं, पाव्हणं. अजून सांगलीला जात्यात. ती औषधाची पत्रं येत्यात, ती वाचत बसत्यात." व्याही पलीकडंच बसले होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांना पान लावून दिलं.